हिरव्या डॅशबोर्डची नजर पैसेवारी

ऑगस्टमधल्या एका दमट रात्री अबू धाबीतल्या माझ्या फ्लॅटवर किराणा घेऊन एक डिलिव्हरीवाला आला. पिशवीत दही नव्हतं. त्याला सांगितलं, तर म्हणाला, "मॅडम, पॅकिंग तो दुकान में होता है. मेरे को फाइव्ह स्टार दे देना, प्लीज." घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी पाच तारे दिले. तुम्हीही दिले असते.

आता त्या पाच ताऱ्यांचं पुढे काय झालं ते बघा. कुठल्यातरी सर्व्हरवर एक नोंद पडली. ऑर्डर नंबर बरोबर, वेळ बरोबर, एकही रकाना रिकामा नाही. डेटा तपासणारा कुठलाही प्रोग्राम त्या नोंदीला नापास करणार नाही. पण दही आलं नव्हतं, आणि ही गोष्ट आता त्या कंपनीत कुणालाही कळणार नाही. ती माहिती मी पुसली, आणि ती चांगल्या मनाने पुसली.

पॉडकास्टच्या या भागात आम्ही सॉफ्टवेअरच्या मोजमापाबद्दल बोललो. बोलताना एक मुद्दा अर्धवट राहिला: मोजलेल्या आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा? माझं संशोधन याच्या आसपासचं आहे, आणि मी ज्या देशात राहते तिथे सरकारी सेवेपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळ्याचं रेटिंग होतं. म्हणून इथलीच दोन उदाहरणं घेऊन जरा सविस्तर लिहिते.

आधी माझी कबुली

पीएचडीसाठी युरोपला जाण्याआधी मी पुण्यात एका आयटी कंपनीत तीन वर्षं काम केलं. दर शुक्रवारी संध्याकाळी टाइमशीट भरावी लागे. मी काय भरायचे? सोमवार आठ तास, मंगळवार आठ तास, बुधवार आठ तास. एखाद्या आठवड्यात रोज बारा तास बसलेले असायचे, एखाद्या आठवड्यात क्लायंटचं उत्तर येईपर्यंत नुसती कॅन्टीनमध्ये असायचे. शीटवर आठच. आठपेक्षा जास्त लिहिलं तर मॅनेजरला वर उत्तर द्यावं लागे, कमी लिहिलं तर मला. माझ्या अख्ख्या टीमची टाइमशीट अशीच सपाट होती, विदर्भाच्या सपाटीसारखी.

तेव्हा ही निव्वळ कारकुनी वाटायची. पीएचडीत शिरल्यावर कळलं की सॉफ्टवेअरला किती वेळ आणि पैसा लागेल हे सांगणारी मॉडेलं अशाच नोंदींवर उभी असतात. बॅरी बोएम यांचं कोकोमो नावाचं प्रसिद्ध मॉडेल १९८१ सालचं. ते ६३ प्रकल्पांच्या आकडेवारीवर बसवलेलं आहे, आणि त्याचं उत्तर मनुष्य-महिन्यांत येतं. बोएम यांनी आपला डेटा मेहनतीने गोळा केला होता. पण आज कुणी माझ्या जुन्या टीमच्या टाइमशीटवरून तसं मॉडेल बसवलं, तर ते फार सुबक बसेल. कारण त्या डेटात चढउतारच नाहीत. ते मॉडेल आमच्या कामाबद्दल काहीही सांगणार नाही, आमच्या भीतीबद्दल मात्र बरंच सांगेल.

ॲपलमधली एक गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. १९८२ मध्ये लिसा कॉम्प्युटरच्या टीमला दर आठवड्याला एक फॉर्म भरायला लावला गेला: या आठवड्यात कोडच्या किती ओळी लिहिल्या? बिल ॲटकिन्सन यांनी त्या आठवड्यात जुना कोड नव्याने लिहून तो लहान आणि कितीतरी वेगवान केला होता. त्यांनी रकान्यात लिहिलं: उणे २०००. काही आठवड्यांनी त्यांना फॉर्म विचारणंच बंद झालं. ही गोष्ट नेहमी 'ओळी मोजणं मूर्खपणाचं' अशी सांगतात. मला त्यात दुसरीही गोष्ट दिसते. ॲटकिन्सन यांनी फॉर्मवर खरं उत्तर लिहिलं, आणि ते लिहिण्याची त्यांची पत होती. व्हिसावर असलेल्या नव्या इंजिनिअरने काय लिहिलं असतं?

माहितीचा दर्जा म्हणजे नेमकं काय

सॉफ्टवेअर मोजण्याचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ/आयईसी १५९३९. पहिल्यांदा २००२ मध्ये आलं. त्याची मांडणी साध्या शब्दांत अशी: आधी कुणाला तरी काहीतरी जाणून घ्यायचं असतं, ती माहितीची गरज. तिच्यासाठी आपण काही मूळ मोजण्या करतो (तास, ओळी, दोष). त्या जोडून-भागून साधित आकडे काढतो (हजार ओळींमागे दोष). मग त्यांचा अर्थ लावून निर्देशक तयार होतो: हिरवा, पिवळा, लाल. साहेबांपर्यंत पोचतो तो फक्त शेवटचा रंग.

दुसरीकडे १९९६ मध्ये रिचर्ड वांग आणि डायन स्ट्राँग यांनी डेटाच्या दर्जावर एक निबंध लिहिला, तो आजही या विषयात पहिल्यांदा वाचायला देतात. त्यांनी डेटा वापरणाऱ्या लोकांनाच विचारलं की चांगला डेटा म्हणजे काय, आणि १५ गुण चार गटांत मांडले. अचूकपणा त्यातला फक्त एक. डेटा वेळेवर आला का, माझ्या कामाशी त्याचा संबंध आहे का, समजतो का, ज्याने दिला त्याच्यावर भरवसा आहे का, हेही त्यात येतं.

ही दोन टोकं जोडली की प्रश्न सोपा होतो. रंग हिरवा आहे, ठीक. पण रंगापासून मूळ मोजणीपर्यंत उलटं चालत गेलो, तर वाटेत कुठे पाय घसरतो? पुढच्या दोन्ही उदाहरणांत मी एवढंच करणार आहे.

तीन चेहरे

२०१४ मध्ये दुबईने 'हॅपिनेस मीटर' सुरू केला. स्मार्ट दुबई हा विभाग त्यामागे होता. काउंटरवरच्या टॅबलेटवर, वेबसाइटवर, ॲपमध्ये तीन चेहरे: हसरा, मख्ख, नाराज. काम झालं की एक दाबायचा. शहरभरच्या सेवांबद्दल लोकांना काय वाटतं ते एका जागी, चालू वेळेत दिसावं, ही कल्पना. दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, देशाने आनंदासाठी राज्यमंत्रीही नेमला.

यावर हसणं सोपं आहे, आणि आपल्यातले बरेच जण हसतात. मला वाटतं त्यात तीन गोष्टी खरोखर हुशारीच्या आहेत. एक, वाचता न येणाऱ्यालाही चेहरा कळतो. ज्या शहरात मल्याळी, पश्तो, तागालोग, अरबी, मराठी बोलणारे एकाच रांगेत उभे असतात, तिथे हे फार मोठं काम आहे. दोन, काम झाल्या झाल्या विचारतात, सहा महिन्यांनी सर्व्हेचा ईमेल येत नाही. तीन, सगळ्या खात्यांना एकच प्रश्न, म्हणून तुलना तरी करता येते. सरकारी कचेरीत आपल्याला कसं वाटलं हे कुणी विचारायला लागलं, हेच आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांना अजून नवल वाटेल.

आता उलटं चालू. समजा १०० जणांनी बटण दाबलं: ७० हसरे, २० मख्ख, १० नाराज. (हे आकडे मी समजायला घेतलेत, दुबईचे नव्हेत.) आनंद किती टक्के? फक्त हसरे मोजले तर ७०. मख्ख चेहरा अर्धा धरला तर ८०. मख्ख वगळून उरलेल्यांत बघितलं तर ८७.५. तिन्ही हिशोब बरोबर आहेत. लोक तेच, बटणं तीच, आणि साडेसतरा टक्क्यांचा फरक. कुठलाही 'समाधान निर्देशांक' वाचताना हा हिशोब कसा केला ते शेजारी लिहिलेलं नसेल, तर दोन खात्यांची किंवा दोन वर्षांची तुलना करण्यात अर्थ नाही.

याहून खोल अडचण वेगळी आहे. असं बटण बहुतेक वेळा काम संपल्यावर येतं. ज्याचा फॉर्म तिसऱ्या पानावर अडकला आणि ज्याने कंटाळून ॲप बंद केलं, तो त्या पानापर्यंत पोचलाच नाही. सॉफ्टवेअर जितकं वाईट, तितके जास्त लोक वाटेत गळतात, आणि बटणापर्यंत पोचलेले तितके जास्त चिवट किंवा नशीबवान. म्हणजे सेवा बिघडली तरी आकडा फारसा हलणार नाही, अशी शक्यता या रचनेतच आहे. ती तपासायला चेहऱ्यांच्या शेजारी आणखी एक आकडा हवा: किती जणांनी सुरू केलं आणि किती जणांनी पूर्ण केलं. तो आकडा लॉगमध्ये पडलेलाच असतो. तो कुणालाही विचारावा लागत नाही, आणि त्याला कुणी 'प्लीज' म्हणू शकत नाही.

हा 'प्लीज' तिसरी अडचण. समोर माणूस बसलेला असताना त्याच्यासमोर नाराज चेहरा दाबणं आपल्याला जमत नाही. माझ्या पाच ताऱ्यांची गोष्ट तीच. आणि पाहुणा म्हणून राहणाऱ्या माणसाला तर कुठेच नाराज दिसायचं नसतं. हे दुबईपुरतं नाही. तुम्ही टोरांटोत असा की म्युनिकमध्ये, ऑफिसच्या 'निनावी' सर्व्हेत तुम्ही खरं काय लिहिता, ते आठवून बघा.

३३.६ कोटी कागद

दुसरं उदाहरण. डिसेंबर २०२१ मध्ये दुबईने जाहीर केलं की तिथलं सरकार शंभर टक्के कागदमुक्त झालं आहे, आणि असं जगातलं पहिलंच. २०१८ मध्ये सुरू झालेली योजना, ४५ सरकारी संस्था, १,८०० डिजिटल सेवा. बातमीत तीन मोठे आकडे होते: ३३.६ कोटी कागद वाचले, १.३ अब्ज दिरहम वाचले, १.४ कोटी मनुष्य-तास वाचले.

फायदा खरा आहे, त्याबद्दल मला शंका नाही. इथे कित्येक कामं फोनवर होतात. सही यूएई पासने होते. पुण्यात एका दाखल्यासाठी तीन हेलपाटे घातलेल्या माणसाला यातली सुटका कळते. प्रश्न फक्त आकड्यांचा आहे, आणि त्यासाठी शाळेतला भागाकार पुरतो.

३३.६ कोटी कागद भागिले १.४ कोटी तास: तासाला २४ कागद. म्हणजे एका कागदामागे अडीच मिनिटं वाचली. पटण्यासारखं आहे. कागद छापणं, सही, शिक्का, फाइल, सगळं धरून अडीच मिनिटं लागू शकतात.

१३० कोटी दिरहम भागिले ३३.६ कोटी कागद: एका कागदामागे जवळपास ३.८७ दिरहम. कोरा कागद दुकानात काही फिल्सना मिळतो. म्हणजे वाचलेल्या पैशात कागदाची किंमत अगदी चिमूटभर असणार. बाकीचे पैसे छपाई, साठवण, ने-आण आणि मुख्यतः माणसांच्या वेळेचे असणार. वेळेचेच आहेत असं धरलं, तर १३० भागिले १.४, तासाला साधारण ९३ दिरहम पडतात.

इथे थांबून विचारावं लागतं: हे तीन वेगवेगळे पुरावे आहेत, की एकाच मोजणीचे तीन अवतार? तास मोजून त्यांना दराने गुणून पैसे काढले असतील, तर पैशांचा आकडा तासांच्या आकड्याला दुजोरा देत नाही. तोच परत वेगळ्या कपड्यात येतो. आणि तासही जर कागदांना मिनिटांनी गुणून आले असतील, तर तिन्ही आकडे एकाच पायावर उभे आहेत. यातलं नक्की काय केलं ते एका बातमीवरून ठरत नाही. माझी तक्रार एवढीच की असे आकडे आपल्याकडे नेहमी त्रिकुटाने येतात आणि वाचणाऱ्याला वाटतं की तिघांनी साक्ष दिली.

दुसरा प्रश्न: न वापरलेला कागद मोजायचा कसा? खरेदी झालेला कागद मोजता येतो, तो वहीत असतो. 'वाचलेला' म्हणजे योजना नसती तर वापरला असता तेवढा वजा खरंच वापरलेला. पहिला भाग कुणीही बघितलेला नाही, तो अंदाज आहे. सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक 'बचतीचं' असंच असतं. 'या टूलमुळे डेव्हलपरचे दर आठवड्याला सहा तास वाचले' असं स्लाइडवर दिसलं की समजावं, वजाबाकीतली एक बाजू कल्पनेतली आहे.

तिसरा प्रश्न: कुणाचा वेळ? इथल्या कुठल्याही वस्तीत टायपिंग सेंटर दिसतात. ज्यांना ॲप जमत नाही, अरबी किंवा इंग्रजी येत नाही, ते तिथे पैसे देऊन ऑनलाइन फॉर्म भरून घेतात. कचेरीतला कारकून जे काम करायचा, त्यातलं काही आता अर्जदार स्वतः करतो: स्कॅन करणं, फाइल लहान करणं, चढवणं. कचेरीचा वेळ वाचला, हे अगदी खरं असू शकतं. पण गवंडीकाम करणाऱ्या माणसाची अर्ध्या दिवसाची मजुरी त्यात गेली असेल, तर ती कुठल्या रकान्यात दिसेल? मोजमापाची हद्द जिथे आखली, तिच्या पलीकडे ढकललेलं काम बचत म्हणून दिसतं. कंपन्यांतही हेच चालतं. टेस्टिंग टीम कमी केली की टेस्टिंगचा खर्च घटतो, आणि तेच तास सपोर्टच्या लोकांच्या रात्रपाळीत जातात.

स्वीडनमधला एक चांगला उपाय, आणि त्याची मर्यादा

या सगळ्यावर काम झालेलं नाही असं नाही. गॉथेनबर्ग विद्यापीठाचे मिरोस्लाव्ह स्टारॉन आणि एरिक्सनचे विल्हेल्म मेडिंग यांनी एरिक्सनमधल्या मोजमाप यंत्रणांवर अनेक वर्षं काम केलं. त्यांची एक कल्पना मला फार आवडते. डॅशबोर्डवर प्रकल्पाचा रंग असतोच, त्याच्या शेजारी माहितीच्या दर्जाचाही एक रंग ठेवायचा. डेटा आज आला का, सगळ्या फाइली मिळाल्या का, हिशोब न चुकता पूर्ण झाला का? झाला असेल तर हिरवा, नसेल तर लाल. म्हणजे प्रकल्प हिरवा दिसतोय पण माहितीचा रंग लाल आहे, तर साहेबांनी निर्णय थांबवावा. किती साधी गोष्ट, आणि किती कमी ठिकाणी दिसते! मी बघितलेल्या बहुतेक डॅशबोर्डवर मागच्या गुरुवारी बंद पडलेला डेटाही सोमवारी तितक्याच दिमाखात हिरवा असतो.

पण या दिव्याने माझी टाइमशीट पकडली नसती. ती वेळेवर यायची, पूर्ण असायची, बेरीज बरोबर असायची. माझे पाच तारेही पकडले गेले नसते. हा दिवा नळ तपासतो. नळात येणारं पाणी तपासायला, ते भरणाऱ्या माणसाजवळ जावं लागतं.

आपल्याकडचा एक शब्द

मराठवाड्यात आजोळ असल्याने लहानपणी एक शब्द कानावर पडायचा: पैसेवारी. जुनी माणसं आणेवारी म्हणायची. गावात पीक किती आलं ते पैशांत सांगायचं, आणि ५० पैशांच्या आत आली तर गाव दुष्काळी सवलतींना पात्र. अनेक वर्षं हाच मोठा निकष होता. त्यामुळे त्या आकड्यावरून भांडणं व्हायची. ४९ आणि ५१ मध्ये सारा, कर्जवसुली, पोरांची परीक्षा फी, सगळं अडकलेलं. जिथे आकड्याला एवढं काही टांगलेलं असतं, तिथे तो आकडा त्या रेषेजवळ येऊन अस्वस्थ होणारच.

पण त्या पद्धतीत एक गोष्ट मला आता, इतक्या वर्षांनी, मोलाची वाटते. पहिला आकडा यायचा त्याचं नावच 'नजर पैसेवारी' किंवा 'नजरअंदाज पैसेवारी'. नजरेने केलेली. हंगाम पुढे गेला की 'सुधारित', आणि शेवटी, पीक कापणीचे प्रयोग हाताशी आले की 'अंतिम'. आकड्याच्या नावातच त्याचा दर्जा लिहिलेला. ऐकणाऱ्या शेतकऱ्याला कळायचं की हा अजून डोळ्यांचा आकडा आहे, यावर वाद घालता येतो.

आपल्या डॅशबोर्डवर असं लेबल कुठे असतं? 'प्रकल्प ७३ टक्के पूर्ण' हा आकडा कुणीतरी मीटिंगच्या दहा मिनिटं आधी नजरेने टाकलेला असतो, आणि शेजारचा 'टेस्ट ७३ टक्के पास' हा मशीनने मोजलेला. दोन्ही एकाच फॉन्टमध्ये, एकाच रंगात. वाचणारा दोघांना सारखाच मान देतो. वरचे हॅपिनेसचे टक्के असोत की वाचलेले तास, मला त्यांच्या शेजारी एक शब्द हवा आहे: नजर, सुधारित, की अंतिम. मोठा खर्च नाही त्याला.

हे का लिहिलं

कारण मागच्या वर्षी माझ्या ओळखीच्या एका मुलाची इथली नोकरी गेली. त्याच्या टीममध्ये प्रत्येकाने स्प्रिंटमध्ये किती पॉइंट संपवले याचा आलेख होता, आणि त्याचा आलेख दोन तिमाही खाली होता. त्या काळात तो मुख्यतः दोन नव्या मुलींचा कोड तपासत होता आणि त्यांना शिकवत होता. शिकवण्याचे पॉइंट नसतात. स्टोरी पॉइंट हे मुळात टीमने आपापसात कामाचा अंदाज बांधायला वापरायचं माप, अगदी नजर पैसेवारी. त्यावरून माणसांची रांग लावली, की तो नजरेचा आकडा अंतिम म्हणून वापरला गेला. आखातात नोकरी गेली की व्हिसाचं घड्याळ सुरू होतं. घरभाडं, मुलाची शाळा, सगळं त्या घड्याळावर. तो आता पुण्यात आहे, बरा आहे. पण मीटिंगमध्ये त्याच्या बाजूने कुणी 'हा आकडा आला कसा?' एवढंही विचारलं नाही, हे तो अजून सांगतो.

तुमच्यापैकी बरेच जण असे आलेख बनवतात. काही जण त्यावरून निर्णय घेतात, आणि आपण सगळेच त्यात मोजले जातो. म्हणून पुढच्या सोमवारी डॅशबोर्ड उघडाल तेव्हा कुठलाही एक आकडा निवडा आणि विचारा: तो कुणी भरला, आणि खरं भरल्याने त्याचं काही नुकसान होणार होतं का? वाटेत गळलेले लोक यात आहेत का? शेजारचा आकडा याचाच भाऊ तर नाही? आणि तो नजर आहे की अंतिम? उत्तर मिळालं नाही, तर तेवढंच त्या आकड्याखाली लिहून ठेवा.

मी माझ्यापुरतं त्या किराण्याच्या ॲपमध्ये परत गेले. तिथे रायडरचं रेटिंग वेगळं आणि दुकानाचं वेगळं, अशी सोय होती. त्या रात्री मी ती बघितलीच नव्हती. दुकानाच्या रकान्यात लिहिलं: दही आलं नाही. रायडरचे पाच तारे तसेच ठेवले.